बैलाच्या पोटाखालच्या रेषा : तान्हा पोळ्याच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील तान्हा पोळा उत्सव समित्यांचे पदाधिकारी, स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका समितीने मला तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, लाकडी बैलांच्या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून बोलावले होते. त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. ती एकट्या माझ्या निष्काळजीपणाची नसून आपल्या सर्वांच्या नियमावलीतील एका रिकाम्या जागेची आहे, असे पुढे विचार करताना वाटू लागले, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. मी ३१ वर्षे हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी केली आणि त्यांतली शेवटची ९ वर्षे वेल्डिंग करणाऱ्या रोबोंना काम शिकवण्यात गेली. हे पत्र यंत्राचा राग धरणाऱ्या माणसाचे नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रसंग असा. ‘हाताने कोरलेला उत्कृष्ट बैल’ या गटात आम्ही तिघा परीक्षकांनी एकमताने पहिला क्रमांक दिला, तो सागवानाचा, साधारण हातभर उंचीचा, मान किंचित डावीकडे वळवलेला बैल होता. वशिंडाचा डौल, मानेखालच्या पोळीच्या सुरकुत्या, पुढचा एक खूर जरासा उचललेला. आम्ही तिघेही खूश. बक्षीस वाटून झाले, मुले झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणत बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला घरोघर निघाली आणि शेजारच्या वस्तीतून आलेल्या एका मुलीच्या बैलाकडे माझे लक्ष गेले. तीच मान, तोच उचललेला खूर, आणि उजव्या कानाच्या टोकाला उडालेला तोच बारीकसा टवका. टवका अपघाताने उडतो आणि दोन बैलांच्या एकाच कानाला एकाच मापाचे दोन अपघात होत नाहीत. मी तिच्या परवानगीने बैल उलटा केला. पोटाखाली, जिथे पॉलिश कागद नीट पोचत नाही त्या जागी, केसाएवढ्या अंतराने एकीला एक लागून समांतर रेषा होत्या. राउटर म्हणजे संगणकाच्या हुकुमावर लाकूड कोरणारे यंत्र; त्याचा गोल तोंडाचा बिट, म्हणजे फिरते पाते, पुढेमागे फिरताना मागे सोडून जातो त्या. अशा रेषा मी नोकरीत हजारो वेळा पाहिल्या आहेत. पहिला क्रमांक देताना मात्र बैल उलटा करून पाहण्याचे मला सुचले नव्हते.

मूळ बैल कोरणारे गृहस्थ मला काही दिवसांनी भेटले. त्यांनी तो बैल तीन वर्षांपूर्वी विकला होता, आणि कानाचा टवका त्यांच्या नातवाने बैल पाडल्यामुळे उडाला होता. विकत घेणाऱ्याने तो स्कॅन करवून घेतला असावा आणि ती फाइल पुढे हातोहात फिरली असावी. मी त्यांना फोटो दाखवले, तेव्हा त्यांनी राग केला नाही. “किती काढले असतीन हो त्यायनं?” एवढेच विचारले. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि फाइल एकदा फिरू लागली की ते कोणापाशीच राहत नाही.

ज्यांना हे काम कसे चालते हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कॅनर बैलाभोवती फिरवला की त्याच्या पृष्ठभागाचे लाखो बिंदू संगणकात उतरतात. त्यावरून बिटने कुठून कुठे जायचे याचा मार्ग तयार होतो. लाकडाचा ठोकळा फिरत्या अक्षावर बांधतात, जाड बिट आधी नको ते लाकूड उडवतो आणि मग बारीक बिट तासन्‌तास शेवटचा हात फिरवत राहतो. वाकस, पटाशी आणि कानस घेऊन कारागिराला जे काम करायला आठ-दहा दिवस लागतात, ते रात्री यंत्र लावून झोपलेल्या माणसाला सकाळी तयार मिळते. या तंत्राची वंशावळ मात्र लाकडाची नाही, कापडाची आहे. फ्रान्समध्ये १८०४ साली जाकार याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग पुढे आणला, तेव्हा विणकराच्या डोक्यातली नक्षी डोक्याबाहेर, पुठ्ठ्यावर साठवण्याची रीत रुळली. १९५२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. आज तेच काम पेनड्राइव्ह करतो. नक्षी माणसापासून सुटी होऊ शकते, हा शोध दोनशे वर्षे जुना आहे. सुटी झाल्यावर ती कोणाची, हा प्रश्न तितकाच जुना असून तो आता आपल्या मंडपात येऊन उभा राहिला आहे.

माझे वडील शहरातील एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल, तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात रस ओततात. बीड निवताना आकसते, म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो. वडिलांनी कोरलेल्या एका लाकडी तुकड्यावरून शेकडो, कधी हजारो भाग निघत, त्या भागांवर कारखान्याचे नाव उमटलेले असे आणि त्या नावाची उलटी अक्षरेही वडिलांनीच कोरलेली असत. उरलेल्या लाकडातून ते गल्लीतल्या मुलांसाठी पोळ्याआधी बैल करीत. त्या बैलांवर कसलेच नाव नसे, पण बैल कोणी केला हे गल्लीला माहीत असे. घाऊक उत्पादन हे हातकामाच्या विरुद्ध टोकाला उभे आहे असे आपण समजतो, आणि माझ्या घरात तर त्या उत्पादनाच्या मुळाशीच एक पटाशी होती.

रोबोचेही तसेच आहे. ‘रोबो’ हा शब्द १९२० साली चेक नाटककार कारेल चापेक याने रूढ केला आणि त्याला तो त्याच्या भावाने, योसेफने सुचवला. मूळ शब्द ‘रोबोता’, म्हणजे वेठ. पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील मोटारीच्या एका कारखान्यात कामाला लागला, तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्यासाठी. ते काम खरोखरच वेठीचे होते. धूर, चटके आणि एका क्षणाच्या दुर्लक्षाने जाणारी बोटे. असे काम यंत्राने घेतले याचे मला दुःख नाही. मी ज्या वेल्डिंग लाइनवर होतो, तिथल्या जुन्या वेल्डरांचे डोळे आणि छाती मी पाहिली आहेत. पण आमच्या रोबोला काम शिकवायचे म्हणजे काय करायचे, तर हातात एक नियंत्रणाची पेटी घेऊन त्याचा हात बिंदूबिंदूने न्यायचा आणि प्रत्येक बिंदू साठवायचा. टॉर्च कोणत्या कोनात धरायचा, कोपऱ्यावर किती थांबायचे, हे मी एका जुन्या वेल्डरला शेजारी उभे करून विचारत असे. नॉर्वेमध्ये १९६९ च्या सुमारास ट्राल्फा कंपनीने बागकामाच्या हातगाड्या रंगवण्यासाठी जो रोबो केला, त्यात तर कुशल रंगाऱ्याने यंत्राचा हात धरून एकदा रंग मारायचा आणि यंत्राने त्याच्या मनगटाची ती हालचाल जशीच्या तशी लक्षात ठेवायची, अशी सोय होती. पुढे त्या कारखान्यातल्या गाड्या रंगवल्या कोणी, यंत्राने की त्या मनगटाने? आमच्या लाइनवरचे ते वेल्डर निवृत्त झाले, त्यांचे बिंदू नंतरही शिफ्टमागून शिफ्ट चालत राहिले. पगारपत्रकात बिंदूंसाठी रकाना नव्हता, हे मला तेव्हा खटकले नाही आणि आता खटकते.

हे कलेत घडते तेव्हा आपण अधिक हळवे होतो, पण तिथला इतिहासही काही वेगळा नाही. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, दगडावर त्या रंगापुरते चित्र उलटे रेखाटायचे आणि एकावर एक छाप बसवत जायचे, अशी ती पद्धत होती. त्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचवल्या, ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या भिंतीवरही देव आला, आणि आपल्या डोळ्यांपुढे देवीचे जे रूप आजही उभे राहते त्यात त्या छापील चित्रांचा मोठा वाटा आहे. घाऊक छपाईने कला स्वस्त केली असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये. मात्र चित्रावर नाव होते ते चित्रकाराचे. दगडावर रंग वेगळे करणारे, एकेका छटेचा हिशोब मांडणारे कारागीर चित्राच्या कोपऱ्यातसुद्धा आले नाहीत.

आपले शहर या सगळ्याला नवखे नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि सूतकताईच्या ज्या नव्या रिंग स्पिंडलकडे इंग्लंडमधले कापडगिरण्यांचे लँकेशायर अजून साशंकतेने पाहत होते, ते त्यांनी नागपुरात आधी चालवून दाखवले. सूत कातण्याच्या जुन्या म्यूल यंत्राला मुरलेला कातणारा लागे, रिंगला तितका मुरलेला हात लागत नसे. कौशल्य माणसातून काढून यंत्रात घालण्याचा हा आपल्या गावातला पहिला मोठा धडा होता. २००२ साली ती मिल बंद झाली. जिथे भोंगा होत असे तिथे आज मॉल उभा आहे आणि त्या मॉलमध्ये यंत्राने कोरलेले बैलही विकायला असतात. त्याच मिलच्या सावलीत आणि तिच्याशी झुंजत इथले कोष्टी आणि हलबा कोष्टी हातमाग चालवत राहिले. भंडाऱ्याकडच्या करवत काठी साडीचे उदाहरण घ्या. टसरच्या साडीचा काठ आणि अंग यांचे आडवे धागे वेगवेगळ्या धोट्यांनी येतात आणि करवतीच्या दात्यांसारख्या रेषेवर एकमेकांत अडकवले जातात, म्हणून तीन धोटे लागतात आणि मागावर बहुधा दुसरा माणूसही लागतो. यंत्रमागावर दात्यांची नक्कल करता येते, ती अडकवण करता येत नाही. साडी उलटी करून पाहणाऱ्या बाईला ते लगेच कळते. (आमच्या आईने साडी कधी सुलट बाजूने विकत घेतली नाही. परीक्षक तिला करायला हवे होते.)

कापडाच्या बाबतीत देशाने निदान एक गोष्ट केली. १९८५ साली कायदा करून काही ठरावीक वाण हातमागासाठी राखून ठेवले आणि पुढे २००६ मध्ये हातमागाच्या कापडाला ओळखचिन्ह दिले. त्या कायद्याने विणकर श्रीमंत झाले असे कोणी म्हणणार नाही. पण वस्तू कशी तयार झाली हे गिऱ्हाइकाला सांगणे हा वस्तूच्या खरेपणाचा भाग आहे, एवढे त्यातून मान्य झाले. चितार ओळीत गणपती ठरवायला गेलेला माणूस आज माती की पीओपी हे पहिल्याच वाक्यात विचारतो. वीस वर्षांपूर्वी फार थोडे लोक विचारत असत. रबराच्या एका साच्यातून शेकडो मूर्ती निघू लागल्या, तलावांत त्या विरघळेनात, नियम आले, आणि नियमांमागून विचारण्याची सवय आली. आपल्या स्पर्धांमध्ये बैलाबाबत हा प्रश्न अजून कोणी विचारत नाही.

येथे एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. आज हाताने कोरणारा कारागीरसुद्धा ठोकळा बँड सॉवर कापतो, ग्राइंडर वापरतो, विजेवरच्या बारीक बिटने डोळे कोरतो. मग ‘हाताने’ म्हणजे नेमके काय? आक्षेप खरा आहे. इटलीत करारा येथे, संगमरवराच्या खाणींच्या त्या गावी, आज रोबोचे हात पुतळ्यांचे बहुतेक दगड उडवतात आणि शेवटचा हात माणूस फिरवतो. त्याच्याही शंभर-दोनशे वर्षे आधी मोठमोठे शिल्पकार माती किंवा प्लास्टरमध्ये नमुना करून देत आणि दगडातले काम मापे घेत सहायक करीत असत. म्हणून हत्यार कोणते, यावर रेघ ओढण्यात अर्थ नाही. हा आकार कोणी ठरवला, हे विचारावे. मान डावीकडे वळावी हे त्या वृद्ध कारागिराने ठरवले होते. राउटरने काही ठरवले नव्हते, राउटर चालवणाऱ्यानेही नाही, आणि आमच्या बक्षिसाच्या पाटीवर नाव लागले ते बैल विकत घेणाऱ्या कुटुंबाचे.

याच कसोटीवर माझे दुसरे म्हणणे कदाचित काही जुन्या मंडळींना आवडणार नाही. समजा, अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर स्वतःच्या कल्पनेने बैल घडवला, त्याचे शिंग कुठे पातळ पडते, रेषेच्या आडवे जाऊन लाकूड कुठे तुटते, याचा विचार करून बिटचा मार्ग आखला आणि राउटरवर तो काढला, तर ते त्याचे काम आहे आणि त्याला बक्षीस मिळाले पाहिजे. यंत्र त्याच्या हातातली पटाशीच आहे. त्याला ‘हाताने कोरलेला’ या गटात शिरावे लागू नये, म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र गट हवा. बक्षीस नको ते फक्त कोणाचे तरी काम उतरवून घेऊन गप्प बसणाऱ्याला.

स्पर्धेचे नियम करताना यंत्राच्या प्रश्नाला असे सरळ भिडण्याची रीत या देशाला नवी नाही. गांधीजींच्या पुढाकारातून अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. यंत्र नको अशी ती भूमिका नव्हती. यंत्र जास्त सूत देणारे हवे, पण ते खेड्यातल्या घरात मावले पाहिजे आणि त्याची किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये, अशा अटी होत्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी. यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या ताब्यात, हे बक्षिसाच्या अटींतच लिहिलेले होते, ते मला आपल्या कामाचे वाटते.

आता मागण्यांकडे येतो. त्या फार नाहीत. प्रवेश अर्जावर बैल कसा झाला हे लिहिण्यासाठी दोन ओळी असाव्यात: आकार कोणाचा, आणि काम कशाने केले. फाइल विकत घेतली असेल तर तसे लिहावे, त्यात कमीपणा मानू नये आणि आपणही मानू नये. स्वतः घडवलेल्या आकारांसाठी हाताचा एक आणि यंत्राचा एक असे दोन गट असावेत आणि तयार बैलांनी सजावटीच्या गटात यावे. शहरातल्या बहुतेक मुलांकडे असाच तयार बैल असतो. राउटर आणि प्लास्टिकचे साचे नसते तर त्यांतल्या कितीतरी मुलांना पोळ्याला बैलच मिळाला नसता, हे मी विसरलेलो नाही. त्या मुलांचा उत्साह आणि बोजारा कोणत्याही नियमाने कमी होता कामा नये. बक्षिसाच्या पाटीवर मुलाच्या नावाखाली कोरणाऱ्याचे नाव यावे. बैल स्कॅन करून विकायचा असेल तर मूळ कारागिराला विचारावे आणि प्रत्येक नगामागे त्याला काही द्यावे. हे आपण कायद्याने करवू शकत नाही, पण असा करार दाखवणाऱ्या विक्रेत्यालाच मंडपाबाहेर दुकान लावू द्यायचे, एवढे तर आपल्या हातात आहे.

मी तान्हा पोळ्याचेच का घेऊन बसलो आहे, असे कोणी विचारील. त्याच दिवशी सकाळी आपल्याकडे मारबत आणि बडगे, म्हणजे गावची पीडा घालवण्यासाठी मिरवून जाळायचे पुतळे, निघतात, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. बडग्याची फाइल कोणी साठवत नाही, कारण दरवर्षीची पीडा वेगळी असते आणि ती जाळूनच टाकायची असते. बैल मात्र जपून ठेवायचा असतो, पिढ्यान्‌पिढ्या. दुसऱ्या रघुजीराजांनी ही प्रथा सुरू केली असे सांगतात, आणि कित्येक जुन्या घरांत आजोबांच्या वेळचे बैल आजही झूल घालून बाहेर काढले जातात. आज आपण बक्षीस देतो तो बैल उद्या कोणाच्या तरी घरातला जुना बैल होणार आहे, आणि तेव्हा तो कोणी केला हे विचारणारा नातू असेल.

यंदाच्या तयारीच्या बैठका पोळ्याच्या महिनाभर आधी सुरू होतील. त्यांपैकी ज्या समितीला वाटेल तिने मला बोलवावे. मी भिंग घेऊन येईन, यंत्रावरचा एक आणि हाताचा एक असे दोन बैल बरोबर आणीन आणि पोटाखालच्या रेषा कशा ओळखायच्या हे परीक्षकांना दाखवीन. ज्यांच्या बैलाचा कान दोनदा उडाला त्या गृहस्थांनाही विचारले आहे. पटाशी चालवून दाखवायला येतो म्हणाले, फक्त पोळ्याच्या आठवड्यात बोलावू नका, तेव्हा हाताला सवड नसते.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
नागपूर